आई, आत कोण आहे?

१

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकने व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतायला मुद्दाम सकाळची वेळ निवडली. पीत होता तेव्हा तो संध्याकाळी घरी यायचा, भिंतीचा आधार घेत, आणि त्याची चाहूल लागली की अख्खी इमारत दारं लोटून घ्यायची. आता उजेडात यावं, ताठ चालावं, कोणी समोर आलं तर नजर वर ठेवून बोलावं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, हातात एकच पिशवी. हात थरथरत नव्हते. केंद्रातल्या पहिल्या आठवड्यात याच हातांना पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येत नव्हता. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याला चमच्याने पाणी पाजायचा. आधी घाम, मग भास, मग गटात बसून दुसऱ्यांचं ऐकणं, आणि कितीतरी दिवसांनी एकदाचं स्वतःचं सांगणं. तिथल्या समुपदेशक बाईंना सगळे ताई म्हणत. निघताना ताई एवढंच म्हणाल्या होत्या, "घर तुमच्याइतकं लवकर बरं होणार नाही. धीर धरा."

इमारतीच्या दाराशी तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर वर्तमानपत्र घेऊन उभे होते. त्यांनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं.

"वा, मेकॅनिक! आज चक्क शुद्धीत. बरं वाटलं बघून."

"आजच आलो, मास्तर. केंद्रातून."

"ते असू दे. पण काल संध्याकाळी जिन्यात जे काय करून ठेवलंत, ते शोभलं नाही हो. तुमच्या आईने या वयात फडकं घेऊन पायऱ्या पुसायच्या म्हणजे..." मास्तर चुकचुकले आणि वर्तमानपत्रात शिरले.

तो थबकला. काल संध्याकाळी तो केंद्रातल्या गटासमोर उभा राहून निरोपाचे दोन शब्द बोलत होता. मास्तरांचं वय झालं, दिवसांची सरमिसळ होत असणार. शिवाय जिन्यात त्याने करून ठेवलेल्या प्रकारांना काही तोटा नव्हता. त्यातलाच एखादा त्यांच्या डोक्यात कालचा होऊन बसला असेल. तो लिफ्टमध्ये शिरला.

चौथ्या मजल्यावर आईने दार उघडलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गालावरून हात फिरवला, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागच्या मोकळ्या बोळात डोकावून पाहिलं. जणू त्याच्याबरोबर आणखी कोणी यायचं होतं.

"एकटाच आलास?" ती म्हणाली.

"मग कोणाबरोबर येणार होतो?"

"काही नाही रे. ये आत."

२

घर तसंच होतं, फक्त जरा जास्त नीटनेटकं. बाहेरची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून ती अरुंद खोली, जिथे तो शुद्ध हरपल्यावर पडायचा. पिशवी ठेवायला तो आधी तिथेच गेला. खाटेवरची चादर चुरगळलेली होती. उशीवर डोक्याचा खळगा होता. खाटेखाली प्लॅस्टिकची बादली, तळाशी थोडं पाणी घालून ठेवलेली. पूर्वी आई ठेवायची तशीच.

"आई, इथे कोण झोपतं?"

"मीच पडते दुपारची," आई पाठमोरीच म्हणाली, आणि येऊन तिने चादर ओढून सारखी केली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक ताट दुसऱ्या ताटाने झाकलेलं होतं. त्याने झाकण उचललं. रात्रीचं जेवण होतं, कडेने उष्टावलेलं. मोठा माणूस जेवायला बसतो आणि अर्ध्यावर उठून जातो, तसं. आईने ते त्याच्या हातून हळूच काढून घेतलं.

बायको संध्याकाळच्या आत घरी आली. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती; तिच्या हातांना नेहमी स्पिरिटचा वास असायचा, आणि त्या वासावरून त्याने एके काळी केलेल्या घाणेरड्या थट्टा त्याला अजून आठवत होत्या. ती दारातच उभी राहिली. जवळ आली नाही.

"जरा खिडकीपाशी या," ती म्हणाली.

तो उजेडात गेला. तिने त्याचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, मग त्याच्या तोंडापाशी नाक नेऊन वास घेतला. त्याला लाज वाटली. पण याला आपणच कारण आहोत हेही त्याला ठाऊक होतं. मग ती अचानक त्याच्या छातीवर डोकं टेकवून रडली. किती वर्षांत ती अशी रडली नव्हती.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली. "खरंच तुम्हीच आलात."

चहा झाल्यावर ती उठली आणि दाराला साखळी लावली. साखळी नवी होती, जाडजूड. वर एक कडी, खाली एक कडी.

"एक ऐकाल माझं? संध्याकाळी बेल वाजली तर तुम्ही उठायचं नाही. मी बघेन."

"दारू आणून देणारे जुने मित्र येतील म्हणून?"

तिने वरची कडी ओढून पाहिली. "हो," म्हणाली. "तसंच समजा."

३

लिफ्टचा आवाज त्याला भिंतीआडूनही वाचता यायचा. आधी वर यंत्राच्या खोलीत रिलेची, म्हणजे विजेच्या खटक्याची, टिचकी, मग मोटरची घरघर, मजला आला की ब्रेकचा दबका ठोका, मग दार सरकतं. माणूस बाहेर पडला की पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात तो डबा, अगदी किंचित उसळतो आणि दोर कुरकुरतो.

परतल्यानंतरच्या काही संध्याकाळी तो आवाज नीट आला आणि गेला. कामावर मालकाने त्याला परत घेतलं होतं, आधी फक्त तेलपाणी आणि साफसफाईसाठी. दिवसभर राबायचं, दारू सोडलेल्यांच्या जवळच्या सभेला जाऊन बसायचं, उजेड आहे तोवर घर गाठायचं. दिवस ओळीला लागल्यासारखे वाटत होते.

मग एका संध्याकाळी तिघंही टेबलाशी बसलेली असताना लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार सरकलं. पाळणा उसळला. कोणीतरी उतरलं होतं.

पावलं मात्र लगेच आली नाहीत. बराच वेळ काहीच नाही, मग भिंतीला कापड घासत असल्याचा आवाज. मग त्यांच्याच दाराशी किल्लीची खरखर. किल्ली कुलपाच्या भोकाभोवती फिरत होती. वर, खाली, बाजूला, पुन्हा वर. थरथरत्या हातातली किल्ली. हा आवाज बाहेरून कसा असतो ते त्याला माहीत होतं. आतून तो कधीच ऐकला नव्हता.

"दुसऱ्या मजल्यावरचा कोणी चुकला असेल," तो म्हणाला. स्वतःचंच बोलणं त्याला पोकळ वाटलं.

आई उठायला लागली.

"आई, बसा," बायको म्हणाली. आवाज हळू, पण धारदार.

"उपाशी असेल गं."

"आई, आज हे घरात आहेत. आज नाही."

त्याने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. दोघींपैकी कोणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. दोघी फक्त थकलेल्या होत्या.

"कोण उपाशी असेल?" त्याने विचारलं.

किल्ली थांबली. पावलं घसटत लिफ्टकडे गेली. लिफ्ट खाली पोचल्याचा ठोका आला. मग बायकोने सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना ती त्याच्याकडे न बघता टेबलावरच्या तेलकट डागाकडे बघत होती.

"तुम्ही गेलात, त्याच आठवड्यात संध्याकाळी दार वाजलं. बघते तर तुम्ही. तोच तपकिरी स्वेटर, तीच अवस्था. मला वाटलं, पळून आलात. आईंनी तुम्हाला धरून आत नेलं, निजवलं. मी संतापून केंद्रात फोन लावला, म्हटलं, कसले पहारे ठेवता तुम्ही. ताई म्हणाल्या, अहो, काय बोलताय? ते इथेच आहेत. माझ्यासमोर जेवायला बसलेत. बोलायचंय का त्यांच्याशी? आणि त्यांनी तुमच्या हातात फोन दिला."

त्याला तो फोन आठवला. बायको पलीकडून काहीच बोलली नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता. ती अजून रागात आहे असं समजून तो बराच वेळ माफी मागत राहिला होता.

"तुमचं बोलणं या कानाने ऐकत होते," बायको म्हणाली, "आणि आतल्या खोलीतून तुमचंच घोरणं ऐकू येत होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर राहिला असतात तिथे?"

४

त्याने आधी सरळ विचार करून पाहिला. यंत्र बिघडलं की आपण भूत शोधत नाही, तार शोधतो, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. मग इथली तार कुठे तुटली?

एक शक्यता अशी, की बायको आणि आई दोघींना भास होतात. इतकी वर्षं एकाच धास्तीत काढल्यावर तसं होऊ शकतं, असं ताई फोनवर म्हणाल्या. "कान त्या आवाजाला सरावलेले असतात. वेळ द्या." पण किल्लीचा आवाज त्याने स्वतः ऐकला होता. दुसरी शक्यता जास्त भयंकर होती, आणि तिच्यामुळे त्याचं जेवणखाण उडालं. तो स्वतःच अजून पीत नाही कशावरून? पिऊन काय काय केलं ते सकाळी पार पुसून जाण्याचे दिवस त्याने कमी काढले नव्हते. कोणास ठाऊक, आपण सुधारलो हाच आपल्याला पडलेला भास असेल.

"माझं रक्त तपास," तो बायकोला म्हणाला. "कोणाला सांगू नकोस. पण तपास."

तिने प्रयोगशाळेत त्याला खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला. सुई टोचताना तिचा हात जराही हलला नाही. संध्याकाळी ती घरी आली आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, "स्वच्छ आहे. थेंबाचाही मागमूस नाही."

त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण मग दाराशी येतो तो कोण?

त्याच संध्याकाळी लिफ्ट थांबली. या खेपेला किल्ली नव्हती. दारावर तळहात आपटल्याचा आवाज, आणि मग आवाज आला.

"आई. ए आई. दार उघड ना."

स्वतःचा आवाज माणसाला आधी ओळखू येत नाही. त्यालाही आला नाही. मग त्याने तो ओळखला.

"आजचा शेवटचा दिवस, आई. तुझी शपथ. उद्यापासून बंद. एकदा आत घे, पाय दुखतायत गं माझे."

प्रत्येक शब्द त्याचा होता. कुठे थांबायचं, कुठे गळा काढायचा, 'शपथ' म्हणताना आवाज कसा बारीक करायचा, सगळं. हे बोलताना आपण खरंच कळवळून बोलतो असं त्याला नेहमी वाटायचं. दाराच्या या बाजूने ऐकताना त्याला पहिल्यांदा कळलं, की कळवळा खरा होता आणि तरीही त्यात एक शब्द खरा नव्हता.

आई अर्धवट उठली होती. बायकोने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

तो उठला आणि दारापाशी गेला. साखळीला हात लावला नाही. लाकडाला तोंड लावून त्याने जमेल तितक्या शांतपणे म्हटलं, "ऐक. सुटते. मला जमलं. मी येतो तुझ्याबरोबर, आत्ता येतो, आपण केंद्रात जाऊ."

बाहेरचं रडणं एकदम थांबलं. इतकं एकदम, की दाराला लागून असलेला श्वास ऐकू यायला लागला. मग अगदी हळू, लहान पोर अंधाराला बिचकतं तशा आवाजात कोणीतरी म्हणालं,

"आई, आत कोण आहे?"

५

त्यानंतर काही संध्याकाळी शांत गेल्या. आई फार बोलेनाशी झाली. एका सुट्टीच्या दिवशी ती खिडकीत बसून त्याच्या कामाच्या शर्टाला बटण लावत होती, तेव्हा तो तिच्यापाशी जाऊन बसला.

"आई, दार उघडायचं नाही. कितीही रडला तरी. मी पीत होतो तेव्हा तू मला पोटाशी धरायचीस, झाकून घ्यायचीस. त्याने मी सुधारलो नाही. तू दार उघडत राहिलीस म्हणून मला कुठे जायची गरजच पडली नाही."

"म्हणजे माझंच चुकलं."

"तसं नाही म्हणत मी."

"म्हण ना. खरंच आहे ते." तिने दोरा दाताने तोडला. "तू बरा झालास, माझे डोळे निवले. तुला आता मी नसले तरी चालेल."

"काहीतरीच काय!"

"चालेल रे. चांगलंच आहे ते. आईला दुसरं काय हवं असतं?" तिने शर्ट झटकला आणि त्याच्या अंगाला लावून पाहिला. "पण त्याला कोण आहे?"

"आई, तो मी नाही."

"मला माहीत नाही का? माझ्या पोटचा कोण ते मला कळतं. पण ताप आला की तो हाक मारतो ती तुझ्यासारखीच. मी तरी काय करू?"

त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि वचन मागितलं. तिने मान हलवली. वचन देताना ती त्याच्याकडे मायेने बघत होती, आणि ती नजर त्याच्या ओळखीची होती. अशाच नजरेने तो स्वतः वचनं देत आला होता.

६

एका कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत माणसं होती, म्हणून त्या दिवशी त्याला निघायला उशीर झाला. बायकोही प्रयोगशाळेतच होती. तो जवळजवळ धावत घरी आला. दिवस कलला होता, पण जिन्यात अजून उजेड होता. लिफ्टचं बटण लाल होतं. ती चौथ्यावर होती. थांबण्याचा धीर त्याला नव्हता. तो पायऱ्या चढायला लागला.

दुसऱ्या मजल्यावर पोचतो तोच रिलेची टिचकी झाली आणि लिफ्ट खाली यायला लागली. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला काचेची एक अरुंद, उभी पट्टी होती. तो त्या पट्टीसमोर उभा राहिला. पाळण्यातला मंद पिवळा उजेड वरून खाली सरकत आला.

आधी पाय दिसायला हवे होते, पण आत अंधुक होतं. मग आईचा हात दिसला. तपकिरी लोकरीच्या बाहीभोवती घट्ट गुंडाळलेला. मग तिचा चेहरा. ती घाबरलेली नव्हती. आजारी मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या बाईचा चेहरा असतो तसा तिचा होता, सगळं लक्ष त्या एका कामावर. तिच्या खांद्यावर एक डोकं टेकलेलं होतं. त्याला दिसली ती फक्त मान. घामेजलेली, केस वाढलेली मान. स्वतःची मान माणूस कधीच बघत नाही, तरी ती कोणाची ते त्याला कळलं. काचेसमोरून जाताना ते डोकं वळायला लागलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

त्याला अजूनही याचंच दुःख आहे. तेवढा एक क्षण डोळे मिटले नसते, आणि दारावर मूठ आपटली असती, तर कदाचित आई थांबली असती.

तो खाली पोचला तेव्हा लिफ्ट उघडी होती. आत आंबूस वास होता आणि आईच्या केसांच्या तेलाचा. रस्त्यावर माणसं आपापल्या वाटेने चालली होती. तो दोन्ही टोकांपर्यंत धावला. वर घराचं दार सताड उघडं होतं. साखळी नीट काढून, एका बाजूला लोंबत ठेवलेली. आईच्या गोळ्यांचा डबा नव्हता, दोन जोडी कपडे नव्हते, आणि टेबलावरचं झाकलेलं ताट नव्हतं.

७

पोलिसांनी शेजाऱ्यांना विचारलं. मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलेलं तेच सांगितलं: "मुलाबरोबर गेल्या. त्याला सांभाळत होत्या. म्हटलं, पुन्हा सुरू झालं वाटतं." ठाण्यातल्या साहेबांनी मेकॅनिककडे बराच वेळ पाहिलं. कचेरीत अडकलेल्या माणसांनी तो कुठे होता याची ग्वाही दिली, त्यामुळे त्याला त्रास झाला नाही. पण शोध पुढे सरकणार तरी कुठे? "बाई स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मुलाबरोबर गेली," साहेब म्हणाले. "मुलगा तर तुम्ही. मी कोणाला शोधू?"

त्या दिवसांत तो प्यायला नाही. कसा प्यायला नाही हे त्यालाच सांगता येत नाही. ताई घरी येऊन बसायच्या; सभेतली माणसं त्याला पाळीपाळीने बरोबर घेऊन फिरायची. बायको रोज त्याच्या हातांकडे बघायची, आता संशयाने नव्हे, काळजीने. संध्याकाळी लिफ्ट चौथ्यावर थांबणं बंद झालं होतं.

काही महिन्यांनी, कामानिमित्त शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला असता, एका औषधाच्या दुकानदाराने काउंटरमागून बाहेर येऊन त्याची कॉलर धरली.

"लाज नाही वाटत? धडधाकट माणूस तू! म्हातारी आई तुला धरून रस्ता ओलांडते, आणि तू तिच्या अंगावर झोकांड्या देतोस? परवा पडली असती ती तुझ्यापायी!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मेकॅनिकने कॉलर सोडवून घेतली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कशी होती ती?"

"आता मला विचारतोस?"

"सांगा ना. चालताना धाप लागत होती का तिला? अंगात गरम काही होतं?"

दुकानदाराची पकड सैल पडली. "होती बरी," तो गोंधळून म्हणाला. "थकली होती. तुझ्यासाठी पित्ताच्या गोळ्या घेतल्या तिने. स्वतःसाठी काही नाही."

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. तिने पातेलं गॅसवरून उतरवलं आणि विचारलं, "आणि तो?"

"अजून पितो."

मग अशा शिव्या येत राहिल्या. कधी बसच्या वाहकाकडून, कधी बागेतल्या माळ्याकडून. एका अनोळखी बाईने तर भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली. दर वेळी तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि त्यांचं बोलून झालं की अजिजीने विचारायचा. आईच्या हातात काठी आली होती. मग ती वाळली होती. मग केस पांढरेशुभ्र झाले होते, पण हसत होती, असं वाहक म्हणाला. तोंडात घास भरवत होती तुझ्या, घोडा झालास तरी.

तिथे धावत जावं तर कधीच कोणी नसायचं.

अलीकडे त्याची प्रकृती चांगली आहे. केंद्रात नव्याने आलेल्यांपुढे तो बोलतो, आणि लोक मन लावून ऐकतात. फक्त सुट्टीच्या दिवशी तो घरी थांबत नाही. भर उन्हात, औषधाच्या दुकानावरून, बसथांब्यावरून, बागेच्या फाटकावरून तो सावकाश चालत जातो. टोपी घालत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसावा म्हणून चेहरा वर ठेवतो, आणि कोणाची नजर जरा जास्त रेंगाळली की जागच्या जागी थांबतो.

पण सगळे त्याला वाट करून देतात, कोणी कोणी हसून मानही डोलावतात. कितीतरी दिवसांत त्याची कॉलर कोणीही धरलेली नाही.